अकरा नंबरची गादी

१३ ऑगस्ट २०१६, शनिवार
बेर्खटेसगाडेन, जर्मनी

आई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तीन वर्षं बोलणं नाही आणि एकदम कृपाशीर्वाद मागायचे, हे मलाच बरं वाटेना. बाबा म्हणाले, "फोन ती उचलणार नाही. पण कागद हातात पडला तर वाचेल. लिही." म्हणून लिहितेय. चौकटीच्या वहीचं पान आहे, दुसरं मिळालं नाही.

तर बाबा मजेत आहेत. उंटरश्लाइसहाइमला माझ्या घरी पंधरा दिवस बसून कंटाळले होते, म्हणून चार दिवस डोंगरात आणलंय. इथे नॅशनल पार्क आहे. खाली मोठं तळं आहे, त्यात बोट आहे, बोटीत बसून त्यांनी शंभरेक फोटो काढले. जर्मन एकच शब्द शिकलेत, 'जा'. म्हणजे 'हो'. खरा उच्चार 'या' आहे, पण ते स्पेलिंगप्रमाणे 'जा'च म्हणतात. कुणी काहीही विचारलं की मान डोलवत दोनदा म्हणतात, "जा, जा." तिकीटवाल्याने विचारलं, कुत्र्याचंही तिकीट हवंय का? जा, जा. आई, आम्ही नसलेल्या कुत्र्याचं तिकीट काढलं! मी चिडले, तर म्हणाले, "इतक्या प्रेमाने विचारतोय माणूस, त्याला नाही कसं म्हणायचं?"

राहायला डोंगरातलं हॉटेल आहे. साधं आहे. बूट बाहेर काढून ठेवायचे आणि आत त्यांच्या चपला घालायच्या. अंघोळीला गरम पाणी नाही, म्हणजे अंघोळच नाही. झोपायला एका लांबलचक फळीवर ओळीने गाद्या, आमच्या शेजारी एक जोडपं आणि त्यांच्या पलीकडे घोरणारे आजोबा. पण स्वच्छ आहे हं. बाबांनी जेवणात डाळीचं सूप घेतलं आणि त्यावर तू दिलेली जवसाची चटणी भुरभुरली.

गोळ्या वेळेवर घेतात. मी रोज विचारते, ते हो म्हणतात.

हवा छान आहे. काळजी करू नकोस.

मीनल


१४ ऑगस्ट, रविवार
दुसऱ्या मुक्कामावरून

आई,

कालचं पत्र अजून बॅगेतच आहे. इथे पोस्टाची पेटी नाही, कारण इथे रस्ताच येत नाही. आता तुझ्या लक्षात आलं असेल.

हॉटेल नाहीये ते. त्याला ह्युटे म्हणतात, डोंगरातली झोपडी. एका ह्युटेपासून दुसरीपर्यंत दिवसभर चालायचं, रात्री झोपायचं, सकाळी पुढची गाठायची. आम्ही ट्रेक करतोय, आई. चार दिवसांचा. झालं सांगून.

मला माहितीये तू काय म्हणशील. दोन स्टेंट घातलेल्या माणसाला तू रामशेजसुद्धा चढू देत नाहीस, आणि ही बया त्याला आल्प्समध्ये घेऊन गेली. अगं, पण ते तीन महिने मागे लागले होते. व्हिसाच्या फॉर्मवर 'प्रवासाचं कारण' या ओळीत 'मुलीला भेटणे' लिहिलं तेव्हाच शेजारी नकाशा पसरलेला होता, असं तेच सांगतात. म्हणाले, "सातपूरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं उभं राहून नोकरी केली, रविवार तेवढा माझा होता. तुझ्या आईने तोही काढून घेतला." मग मी काय करू? डॉक्टरांना विचारलं का, असं विचारलं, तर म्हणाले हो. आता इथे बसून वाटतंय, तेही 'जा, जा'मधलंच 'हो' होतं की काय.

आज सहा तास चाललो. बाबा पुढे, मी मागे, नेहमीसारखं. हरिहरच्या पायऱ्यांवर मला मागे ठेवून जायचे ना, तस्सेच. दोनदा मात्र मध्येच थांबले. फोटो काढतोय म्हणाले. समोर नुसता दगड होता. मी विचारलं, छातीत काही होतंय का? तर फटकन म्हणाले, "आईसारखी बोलू नकोस."

इथली एक पद्धत सांगते. प्रत्येक ह्युटेत आधी जागा राखून ठेवावी लागते आणि वहीत लिहावं लागतं, नाव काय, उद्या कुठे जाणार. बाबांना त्याचं इतकं हसू आलं! म्हणे, "साल्हेरला आम्ही कुणाला कळवून जायचो? उशीर झाला की जी वाडी लागेल तिथे कुणाच्या तरी ओसरीवर आडवं व्हायचं. सकाळी चहा पिऊन पुढे." तरी मी लिहिलं, उद्या लेर्शेन ह्युटे, दोन माणसं. पाच-सहा तासांची, पण सोपी वाट आहे. परवा खाली उतरून बस.

मी नीट लक्ष ठेवून आहे. शप्पथ.

मीनल


१५ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी पावणेसात
लेर्शेन ह्युटे

आई, बाबा अजून आलेले नाहीत.

हे पत्र तुला पाठवणार आहे की नाही मला ठाऊक नाही. पण हाताला काहीतरी काम हवंय. नुसती बसले तर वेड लागेल मला.

सकाळी आठला निघालो. अकराच्या सुमारास ते पुढे गेले. मी तीनला इथे पोचले, तर ते नव्हतेच. मला वाटलं, मागच्या बाजूला डोंगर बघत बसले असतील. मागे पाहिलं, संडासात पाहिलं, लाकडं रचतात त्या शेडमध्ये पाहिलं. वहीत नाव नाही. ही ह्युटे चालवणारी रेझी म्हणून बाई आहे, साठीची, दणकट. तिने यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दहा आणि अकरा नंबरच्या गाद्या तुमच्या. अकरा कुठे आहे?"

साडेचारपर्यंत तीच मला समजावत होती, म्हातारी माणसं हळू चालतात म्हणून. पाचला तिने बेर्गवाख्टला फोन लावला. ते डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे लोक, गावातलेच असतात, हातातलं काम टाकून येतात. पण चारपासून असं धुकं उतरलंय की समोरचा कठडा दिसत नाही. हेलिकॉप्टर उडणार नाही म्हणाले. सहा माणसं आणि एक कुत्रा चालत निघालेत. मी म्हटलं मीपण येते. रेझीने दारात हात आडवा धरला, "एक हरवलाय तेवढा पुरे."

आजूबाजूच्या तिन्ही ह्युटेंना फोन झाले. कुठेच नाहीत. त्यांच्या फोनला रेंज नाही, फोनमधली बाई सारखी तेच तेच सांगतेय.

माझी पाचावर धारण बसलीये, आई.


साडेसात

वर मी 'ते पुढे गेले' असं लिहिलंय. ते अर्धं खरं आहे.

आम्ही भांडलो. एका वळणावर सफरचंद कापत बसलो होतो आणि ते म्हणाले, "मीनू, आता पुरे झालं. घरी चल." मी म्हटलं, उद्या जाणारच आहोत की घरी. म्हणाले, "ते घर नव्हे. नाशिकला. कायमची. तुझ्या आईने तुझी खोली रंगवून घेतलीये. फिका पिवळा दिलाय. मी तिला सांगून आलोय, मीनूला घेऊनच येतो."

मी काय बोलायला हवं होतं? ना हो म्हटलं, ना नाही. सुरी पुसली आणि म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून." अशा आवाजात म्हटलं की, त्यांनी काठी उचलली आणि गेले. मी तिथेच पाऊण तास बसून राहिले. फुरंगटून! चौतीस वर्षांची घोडी, सदुसष्ट वर्षांच्या आजारी बापावर फुरंगटून पाऊण तास बसून राहिले. मधे एक फाटा आहे आणि त्यावरची पाटी जर्मनमध्ये आहे. मी बरोबर असते तर मी वाचली असती.

आणि तो मघाचा फोन. नाशिकला रात्री साडेनऊला परक्या नंबरवरून आला तो. बेर्गवाख्टवाल्याने विचारलं, हृदयाचा पेशंट आहे तर औषधं कोणती, किती? मला माहीत नव्हतं. रोज विचारायचे ना मी, गोळ्या घेतल्या का, म्हणून. कुठल्या ते कधी विचारलंच नाही. म्हणून तुला फोन केला. नंबर अनोळखी, म्हणून तू उचललास. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि मी विचारलं काय, तर, "बाबांची औषधं कोणती गं?"

तू घडाघडा सांगितलीस. रक्त पातळ करायची सकाळी जेवल्यावर, बीपीची अर्धी, कोलेस्टेरॉलची झोपताना, जिभेखाली ठेवायची ती शर्टाच्या वरच्या खिशात. मग तू विचारलंस, "का?"

मी म्हटलं, "हॉटेलवाल्यांना फॉर्म भरायचाय."

तू 'बरं' म्हणालीस आणि फोन ठेवलास.

जीभ झडायला हवी होती माझी. तुझा नवरा कुठे आहे हे मला माहीत नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही.

रेझीने पोळीइतकं मोठं धिरडं आणून ठेवलंय समोर. खा म्हणतेय. मी ताटली बाजूला सरकवलीये. आत सगळे पत्ते खेळतायत आणि माझ्याकडे बघायचं टाळतायत. दहा नंबरवर मी माझी पिशवी ठेवलीये. अकरावर घडी केलेली कांबळी तशीच आहे.

तुमचा तो सप्तशृंगीचा नवस कसा बोलतात मला नीट येत नाही. पण बोललेय.


१६ ऑगस्ट, मंगळवार, दुपार
खाली, हॉस्पिटलच्या बाकावर

सापडले. जिवंत आहेत. आधी हे वाच, मग बाकीचं.

फाट्यावर ते चुकले नव्हते. मुद्दाम वळले. छातीत जड वाटायला लागलं होतं, जिभेखालची गोळी ठेवली, आणि डावीकडे खाली धूर दिसला. तिथे गायींचा गोठा आणि एक छोटं घर होतं. उन्हाळ्यात एक बाई तिथे एकटी राहते, गायी सांभाळते, चीज बनवते. ती ह्युटे नव्हे, मुक्कामाची जागा नव्हे, म्हणून तिला कुणी फोन केला नाही. आणि तिच्याकडे फोन लागतही नाही. बाबांनी साल्हेरचा कायदा लावला. जी वाडी लागेल ती आपली!

बाईने दूध दिलं, ब्रेड दिला, बाकावर अंथरूण घातलं. आणि तिने विचारलं होतं, आई. आज खाली उतरताना ती स्वतः मला भेटली, रडवेली झाली होती. तिने हाताने खुणा करून करून विचारलं होतं, तुमची जागा दुसरीकडे राखून ठेवलीये का? तिकडे कळवलंय का, येत नाही म्हणून? तुमची कुणी वाट बघतंय का?

बाबा म्हणाले, "जा, जा."

मग ती बिचारी निर्धास्त झोपली.

सकाळी धुकं निवळलं आणि हेलिकॉप्टर निघालं. बाबा गोठ्याबाहेर दात घासत उभे होते. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा त्यांनी काय करावं? ब्रश तोंडात, दोन्ही हात वर करून टाटा केला! सातपूरला कधीमधी कुणी मंत्री यायचा तेव्हा करायचे तसा. इथे डोंगरात दोन्ही हात वर म्हणजे 'मदत हवी, उतरा'. ते उतरले. बाबांनी सगळ्यांशी हात मिळवला. त्यांच्यातल्या डॉक्टरणीने हात हातात घेतला तो सोडलाच नाही. नाडी बघितली, शर्टाची बटणं काढायला लावली, तिथेच गवतावर निजवून यंत्र लावलं. आणि थेट इथे आणलं.

आतापर्यंत मला एवढंच सांगितलंय, थांबा.


१९ ऑगस्ट, शुक्रवार
हॉस्पिटल

आई,

हे शेवटचं पान. हे आणि आधीची सगळी, फोटो काढून कुसुममावशीच्या फोनवर पाठवतेय. तिला बजावलंय, वाचून दाखवायचं नाही, आईच्या हातात फोन द्यायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचं.

बाबांनी बुधवारी तुला सांगितलं की पाय मुरगळलाय. पायाला काहीही झालेलं नाही. मंगळवारी दुपारी त्यांना तिसरा स्टेंट घातला. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी ते हट्टाने लेर्शेनपर्यंत चढले असते तर वाटेतच संपलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघाले असते तरी तेच. आता धोका टळलाय. खरंच टळलाय, मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. निदान तीन आठवडे विमान नाही. जेवतात, चिडचिड करतात, नर्सला जा जा म्हणतात. मी नर्सला सांगून ठेवलंय, या माणसाच्या 'हो'वर विश्वास ठेवायचा नाही.

फोन झाल्यावर मला म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस. उगाच काळजी करेल." मी मान हलवली. बघ, मीपण.

आपल्या घरात हे असंच आहे गं. काळजी नको म्हणून सगळेच खोटं बोलतो आणि मग दारात उभं राहून वाट बघतो.

परवा सामान आणायला मी परत वर गेले होते. रेझीला थँक्यू म्हणायचं होतं. मला वाटलं ती मिठी वगैरे मारेल. छे! हातातलं फडकं टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "तुमच्या वडिलांना सांगा, यायचं नसेल तर येत नाही म्हणावं. त्यात कुणाचा अपमान होत नाही. सहा माणसं अंधारात कड्यावर होती. त्यातल्या एकाची मुलगी चार महिन्यांची आहे." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. बाबांच्या वतीने ऐकतेय असंच मला आधी वाटत होतं.

उतरताना मात्र तुझी २०१३ ची दिवाळी डोळ्यांपुढून हलेना.

त्याबद्दल मी तुला कधीच काही सांगितलं नाही. रुपेश आणि मी तेव्हा चार महिने वेगळे राहत होतो. तुला माहीत नव्हतं. तू फोनवर विचारायचीस, दोघं येताय ना? आणि मी म्हणायचे, हो. तिकीट काढलंस का? हो. काढलंच नव्हतं. तू अनारसे केलेस, रुपेशच्या आईवडिलांना जेवायला बोलावलंस, बाबांना मुंबईला विमानतळावर पाठवलंस. ते सहा तास तिथे उभे होते. आणि मी फोन बंद करून चार दिवस पांघरुणात पडून होते. तू तेव्हापासून बोलत नाहीस ते मी घटस्फोट घेतला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले. इथे ऑफिसात सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. जुन्या विचारांची आहे माझी आई, असं म्हटलं. खोटं होतं ते. तू घटस्फोटासाठी अबोला धरला नाहीस. तू विमानतळासाठी धरलास. चुकलं माझं, आई. फार चुकलं.

तेव्हा आता जे आहे ते सांगते, आणि हे मावशीला वाचू देऊ नकोस.

मी नाशिकला परत राहायला येणार नाहीये. पुढच्या वर्षी नाही, प्रोजेक्ट संपल्यावर नाही, तुम्ही थकलात की बघू असंही नाही. माझं काम इथे आहे, घर इथे आहे, मला इथे एकटीला बरं वाटतं. बाबांना त्या वळणावर हे तोंडावर सांगितलं असतं तर ते रागावले असते, पण माझ्या शेजारीच बसून रागावले असते. त्या खोलीत माझी वाट बघू नकोस. शिवणाचं मशीन तिथे ने, उजेड चांगला येतो. नाहीतर कुणाला भाड्याने दे.

हे दोनदा लिहून खोडलं. पण लिहिलं.

आता दुसरं. बाबांचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे, आणि त्यांना एकट्याने परत पाठवायची माझी हिंमत नाही. तू इथे यावंस असं मला फार वाटतं. बाबांसाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीच जास्त. तुझा पासपोर्ट २०१९ पर्यंत चालतो, बाबांना विचारलं मी. व्हिसाला लागतं त्या लांबलचक नावाच्या हमीपत्रासाठी सोमवारची वेळ घेतलीये. ते मिळालं की कागद लगेच पाठवते, तू मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिलेस की झालं. विमानतळावर मी उभी असेन.

यायचं नसेल तर ये म्हणून मी गळ घालणार नाही. अजून राग गेला नसेल तर तोही कळव, मी वाचेन. पण येतेस की नाही, ते मला सांग. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, आई. पण म्हण.

मीनू